पडलो की जास्तच धरतं

सांगलीतल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्याबाहेर, बाकावर मायलेक बसले होते. तासगावकडचे असावेत, कारण आईच्या बोलण्यात सारखी द्राक्षबाग येत होती. दिवाळी होऊन गेलेली, छाटणी उरकून बागांमध्ये विरळणी आणि डिपिंगची धांदल सुरू होती. पोरगा पंचविशीच्या आतबाहेरचा, अंगाने चांगला, पण बाकाच्या कडेवर अवघडून टेकलेला. शेजारच्या बाईंना आई सांगत होती, "सकाळी ह्याला उठवायचं म्हणजे हाका मारून घसा बसतोय. उठला तरी तासभर भिंत धरून चालतोय. आन् दुपारी बघावं तर बागंत चांगला हिंडतोय की. रानातली माणसं म्हणत्यात, आळस हाय नुसता." त्या बाईंनी समजुतीच्या सुरात सल्ला दिला, "चार दिवस पडून राहू द्या त्याला. आपोआप मोकळी हुतीया कंबर." पोरगा फरशीकडे बघत हळूच म्हणाला, "पडलो की जास्तच धरतंय." ते कुणाच्याच कानावर गेलं नाही. तेवढ्यात आतून नंबर पुकारला, आणि गुडघ्यांवर दोन्ही हात रेटून तो उठला. मागून आईने हाक मारली तेव्हा मान न वळवता तो सगळाच्या सगळा वळला.

त्याच्या त्या चार शब्दांत निम्मं निदान होतं. आपल्याकडे पाठदुखी इतकी सर्रास आहे की तिच्यात दोन वेगळ्या जाती आहेत हेच ध्यानात येत नाही. मिरजेतला सतारमेकर दिवसभर मांडी घालून, भोपळ्यावर वाकून काम करतो. संध्याकाळी त्याची कंबर भरून येते आणि रात्री आडवा झाला की सुटते. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या हमालाला एखाद्या दिवशी उसण भरते, जागच्या जागी कळ निघते, दोन-चार दिवस हलता येत नाही आणि मग ती ओसरत जाते. या दोन्ही पाठी कामाने दुखतात आणि विसाव्याने निवतात. दुसरी जात याच्या बरोबर उलटी. ती विसाव्याने दुखते. पहाटे तीन-चारच्या सुमाराला जाग येते, कूस बदलताना कंबर ओढून धरल्यासारखी वाटते, कधी डावं ढुंगण दुखतं तर कधी उजवं, उठल्यावर अर्धा-पाऊण तास पाठीचा कणा ताठच राहतो. हिंडाफिरायला लागलं की तो सैल होत जातो. सुरुवात चाळिशीच्या आत, बहुतेकदा विशी-पंचविशीत, आणि तीसुद्धा नेमकी कधी झाली ते सांगता येऊ नये इतकी हळू. तीन महिने उलटून गेले आणि पाठ अशीच वागत असेल तर ती साध्या पाठदुखीच्या खात्यात टाकून चालत नाही. अशा पाठीमागे जो आजार असू शकतो त्याचं अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस हे नाव जड आहे, पण ते कानावरून गेलेलं असलेलं बरं.

त्यात होतं ते असं. माकडहाडाच्या वर त्रिकास्थी आणि कमरेची हाडं जिथे जुळतात त्या सांध्यांना आधी सूज येते. स्नायूबंध हाडाला जिथे चिकटतात त्या जागा सुजतात, आणि ती सूज बरी होताना शरीर तिथे नवं हाड घालतं. वर्षानुवर्षं असं होत गेलं की एक मणका दुसऱ्याला जोडला जातो. फार पुढे गेलेल्या एक्स-रेत कणा बांबूच्या पेरांसारखा दिसतो. सगळ्यांचं तिथपर्यंत जात नाही, बऱ्याच जणांचं अलीकडेच थांबतं, पण कुणाचं थांबेल हे पहिल्या वर्षात कुणालाच सांगता येत नाही. एचएलए-बी२७ या रक्तात सापडणाऱ्या आनुवंशिक खुणेचा आणि या आजाराचा संबंध १९७३ साली उघड झाला. ही रक्ततपासणी आता सांगली-मिरजेत सहज होते. मात्र ती पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, आणि ती निगेटिव्ह असूनही तो होऊ शकतो. म्हणून तपासणीच्या कागदापेक्षा माणसाने सांगितलेली हकीकत जास्त मोलाची. सुरुवातीच्या काळात एक्स-रे अगदी साफ येतो. किंवा त्यात कुठेतरी "मणक्यात गॅप" दिसतो, तो चाळिशीच्या पुढच्या न दुखणाऱ्या पाठींतही दिसतो, आणि मग पट्टा, वजन लावणं, शेक आणि सक्तीचा आराम सुरू होतो. तीन वर्षं, पाच वर्षं अशीच जातात.

बायांचं तर आणखी अवघड. पहिल्या बाळंतपणानंतर सुरू झालेली पहाटेची कंबरदुखी "वारं गेलंय" म्हणून सोडून दिली जाते. सिझेरियन झालं असेल तर भुलीसाठी कंबरेत दिलेली सुई दोषी ठरते. एकदा सुईवर ठपका ठेवला की पुढे कुणी काही विचारत नाही. पहाटे पाचला उठून चुलीपाशी बसणारी, धारा काढणारी बाई आपला ताठरपणा कुणाला दाखवणार? ती हलत राहते. हलत राहिल्याने तिला थोडं बरं वाटतं, आणि म्हणूनच तिचं दुखणं दिसत नाही.

अशी कितीतरी माणसं घरोघर बोलणी खात असतील.

ताठरपणा डोळ्यांनी नीट दिसत नाही, तो मोजावा लागतो. त्यासाठी यंत्र लागत नाही, भिंत आणि शिंप्याची टेप पुरते. भिंतीला टाचा, ढुंगण आणि खांदे टेकवून उभं राहायचं, हनुवटी जमिनीला समांतर ठेवायची आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला लागते का बघायचं. लागली तर अंतर शून्य. नाही लागली तर मधलं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून कॅलेंडरवर लिहायचं. इथे एक चूक हमखास होते. डोकं टेकवायच्या नादात माणूस हनुवटी वर उचलतो, डोकं टेकतं आणि समाधान होतं. मोजणाऱ्याने हनुवटीकडेच नजर ठेवावी. दुसरं माप छातीचं. स्तनाग्रांच्या पातळीवर टेप गुंडाळायची, श्वास पूर्ण सोडून एकदा आणि पूर्ण भरून एकदा मोजायचं. धडधाकट तरुणात पाच सेंटिमीटर किंवा जास्त फरक पडतो. अडीचच्या खाली आला तर बरगड्या जिथे मणक्याला मिळतात ते सांधे आखडू लागलेत असं समजावं. तिसरं माप कंबरेचं. पाठीच्या खाली दोन्ही बाजूंना ज्या खळ्या असतात त्यांच्या रेषेवर मधोमध पेनाने खूण करायची, तिच्या वर दहा सेंटिमीटरवर दुसरी, आणि गुडघे न वाकवता पुढे झुकायचं. मोकळ्या कंबरेत त्या दहाचे चौदा-पंधरा होतात. ताठ कंबरेत अकरा-बाराच राहतात, आणि तरी हात पायाच्या अंगठ्याला टेकू शकतात, कारण वाकणं खुब्यातून होत असतं. "बघा, मी खाली टेकतोय की" असं म्हणणाऱ्याची कंबर जराही हललेली नसते. ही मापं महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळेला घ्यावीत, कारण सकाळचं आणि संध्याकाळचं माप जुळत नाही.

या आजारातल्या व्यायामाचा हेतू मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तोच रुग्णाला सांगायचा राहून जातो. दुखणं कमी करणं हा त्याचा एक भाग झाला, ते काम गोळ्याही करतात. खरा प्रश्न असा असतो की कणा उद्या जोडला जाणारच असेल तर तो कुठल्या आकारात जोडला जावा. सुजलेल्या सांध्याला वाकून राहिलं की बरं वाटतं. म्हणून माणूस नकळत पोक काढतो, गुडघे जरा दुमडून उभा राहतो, रात्री डोक्याखाली दोन उशा घेतो, कुशीवर मुटकुळं करून झोपतो. त्या वेळी हे सगळं सुखाचं असतं. पण शरीर ज्या आकारात रोज आठ तास असतं तोच आकार ते पुढे धरून बसतं. पंधरा वर्षांनी समोरचा रस्ता बघायला ज्याला कंबरेतून मागे कलावं लागतं, त्याच्या पाठीत त्या दोन उशांचाही वाटा असतो. उशी एकच, तीही पातळ. मान अजून मोकळी असेल आणि उताणं झोपताना डोकं सहज टेकत असेल तर उशी नसली तरी उत्तम. मधोमध खड्डा पडलेली कापसाची गादी काढून टाकावी आणि सरळ पृष्ठभागाच्या पलंगावर पातळ गादी घालावी.

आणि रोज पालथं पडावं.

इतका साधा, इतका फुकटचा आणि इतका दुर्लक्षित व्यायाम दुसरा नसेल. जमिनीवर चटई किंवा घोंगडी, तिच्यावर पालथं, हात अंगाशी, कपाळाखाली घडी घातलेला टॉवेल, पंधरा ते वीस मिनिटं. मान वळत असेल तर निम्मा वेळ तोंड उजवीकडे, निम्मा वेळ डावीकडे. सुरुवातीला पाच मिनिटंही असह्य होतात. तेव्हा छातीखाली एक उशी घ्यावी, आठवड्याआठवड्याने ती पातळ करत न्यावी. खुब्यांचे पुढचे स्नायू आखडलेले असतील तर ढुंगण वर उचललेलं राहतं आणि सगळा ताण कंबरेवर येतो. त्यांनी पोटाखालीही उशी घ्यावी. पाठ सैल झाल्यावर कोपरांवर टेकून छाती उचलायची, पोट आणि कमरेचं हाड जमिनीलाच ठेवायचं, दोन-तीन मिनिटं तसंच राहायचं. यात मोबाईल बघत मान खाली घालून बसलं की वरच्या पाठीचा सगळा फायदा जातो. नजर समोर, दोन हातांवरच्या जमिनीकडे. घरात हे करायला लागलं की पहिले काही दिवस पोरं पाठीवर येऊन बसतात, म्हातारी माणसं विचारतात असं उपडं काय पडलाय. त्यांना एकदा नीट समजावून सांगितलेलं बरं, कारण हे वर्षानुवर्षं चालायचं आहे.

खुब्यांकडे लक्ष द्यायलाच हवं. कणा ताठ झालेला माणूस खुब्यांच्या जोरावर पुष्कळ काही करू शकतो. खुबेही गेले तर परसाकडला बसणं, एसटीची पायरी चढणं, पायात चप्पल घालणं, सगळंच अडतं. पलंगाच्या अगदी कडेला ढुंगण येईल असं उताणं झोपायचं, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरायचा आणि दुसरा पाय पलंगाखाली सैल सोडायचा. लोंबणाऱ्या मांडीच्या पुढच्या भागात ओढ जाणवली पाहिजे. वीस ते तीस सेकंद, दोन्ही बाजूंना तीन-तीन वेळा. छातीशी धरलेला गुडघा सैल पडला की कंबर कमान करून वर येते आणि खुबा ताणलाच जात नाही; शंभरातल्या नव्वद जणांचं इथेच चुकतं, असं म्हटलं तर फारसं वावगं होणार नाही. श्वासाचा व्यायाम त्याहून सोपा. हाताचे तळवे खालच्या बरगड्यांवर बाजूंनी ठेवायचे, नाकाने सावकाश श्वास घेत बरगड्यांनी हात बाहेर ढकलायचे, तोंडाने सोडायचा. खांदे वर जाता कामा नयेत. एका वेळी चार-पाच पुरे, जास्त केले तर गरगरतं. मात्र दिवसातून चार-पाच वेळा करावेत, चहा उकळेपर्यंत, गाडीची वाट बघताना.

सकाळची वेळ सगळ्यात वाईट असते, म्हणून तिची थोडी व्यवस्था लावावी लागते. अंथरुणातच, उठण्याआधी, पाय दुमडून दोन्ही गुडघे एकत्र डावीकडे-उजवीकडे दहा वेळा झुलवावेत, टाचा पुढेमागे हलवाव्यात. मग कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन उठावं. बंबातलं चांगलं कढत पाणी खांद्यांवरून दहा मिनिटं घेतलं की निम्मा ताठरपणा उतरतो, आणि व्यायामाला खरी सुरुवात त्यानंतर करावी. हातागुडघ्यांवर ओणवं होऊन पाठ सावकाश वर फुगवायची आणि सावकाश खाली सोडायची, सहा ते आठ वेळा. शेवटच्या टोकाला जोर लावायचा नाही, हे ताणणं नव्हे, सांध्यांना जाग आणणं आहे. त्याच स्थितीत उजवा हात आणि डावा पाय सरळ करायचा, आठ-दहा सेकंद धरायचा, मग उलट बाजू. पाय पाठीच्या रेषेवर आला की थांबवायचा. त्याच्या वर नेला की कंबर मुरगळते. नंतर उताणं होऊन गुडघे दुमडायचे आणि ढुंगण उचलायचं, पाच सेकंद, दहा वेळा. टाचा ढुंगणापासून फार लांब ठेवल्या तर मांडीच्या मागे गोळा येतो, जवळ घेतल्या की येत नाही. शेवटी भिंतीशी उभं राहून हनुवटी आत ओढत डोकं मागे दाबायचं, पाच सेकंद, दहा वेळा. सगळं मिळून अर्धा तास. ताण थोडासा जाणवेल, जाणवायलाच हवा. पण व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांत उतरलं नाही तर दुसऱ्या दिवशी मात्रा निम्मी करावी. ताणण्याचे व्यायाम संध्याकाळी केले तर जास्त साधतात, कारण तोवर शरीर आपोआप सैल झालेलं असतं.

आता पहिल्या जातीची पाठ, सतारमेकराची आणि हमालाची. तिला हाच सकाळचा कार्यक्रम जसाच्या तसा दिला तर घोटाळा होतो. मणक्यांमधल्या चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. रात्रभर आडवं पडल्यावर त्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपण एक-दीड सेंटिमीटर उंच असतो, आणि उठल्यावर पहिल्या तासात त्यातलं बरंचसं उतरतं. त्या तासात फुगलेल्या चकतीवर पुढे वाकण्याचा ताण सर्वांत जास्त येतो. चकतीचं दुखणं असलेल्या माणसाने उठल्या उठल्या वाकून अंगण झाडणं, बादली उचलणं, पायाचे अंगठे धरणं टाळलं तर एवढ्यानेच बराच फरक पडतो. सूज असलेल्या तरुणाला त्या वेळी हालचाल हवी असते, चकती दुखावलेल्याला त्या वेळी सबुरी. वेळ तीच, सल्ला उलटा. पायात कळ जाणाऱ्यांसाठी एक खूण फार कामाची आहे. १९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टचा एक रुग्ण चुकून डोक्याकडून वर उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला, कंबर मागे कमान झालेली, आणि त्याच्या पायातली कळ गेली. त्यावरून पुढे एक पद्धतच उभी राहिली. कोपरांवर किंवा तळव्यांवर छाती उचलल्यावर पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली ढुंगणात आणि शेवटी कंबरेत सरकत आली तर दिशा बरोबर आहे, कंबर जरा जास्त दुखली तरीही. कळ उलटी, खाली पावलाकडे सरकायला लागली तर तिथेच थांबायचं. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधल्या जागेची संवेदना गेली, पाऊल उचलताना लुळं पडायला लागलं, पाठदुखीबरोबर ताप येऊ लागला किंवा वजन उतरू लागलं, तर व्यायाम, मालिश, हाडवैद्य सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचं.

आपल्या भागात पाठ धरली म्हटलं की सूर्यनमस्कार घाला असं सांगणारी दोन माणसं तरी भेटतातच. त्याला कारणही आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून रुजवले. औंध सातारा जिल्ह्यात, आणि आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी, कुंडल, आटपाडी ही गावं त्यांच्याच संस्थानातली. इथल्या जुन्या पिढीच्या अंगात ते नमस्कार आहेत, आणि निरोगी पाठीला त्यांच्याइतका संपूर्ण व्यायाम क्वचितच मिळेल. पण आजारी पाठीने तो अख्खा घेऊ नये, सुटा सुटा करून घ्यावा. हात वर नेऊन मागे कलण्याची स्थिती, पालथं होऊन छाती उचलण्याची स्थिती, एक पाय मागे टाकून खुबा ताणण्याची स्थिती, या तिन्ही ताठ कण्याला फार उपकारक आहेत. त्या एकेक करून, वीस वीस सेकंद थांबून कराव्यात. गुडघे न वाकवता हात जमिनीला टेकवण्याची स्थिती मात्र दोघांनीही सांभाळून करावी: चकतीवाल्याने सकाळी अजिबात नाही, आणि सुजेवाल्याने तिच्यावर वेळ घालवू नये, कारण पुढे झुकायला त्याचं शरीर नाहीतरी टपलेलंच असतं. घाईघाईत बारा-बारा नमस्कार घालून धापा टाकण्याने ताठरपणा सुटत नाही. सावकाशपणाने सुटतो.

पोहणं चांगलंच, आणि सांगलीला कृष्णा आहे. पाण्यात वजन हलकं होतं, खांदे-खुबे पूर्ण फिरतात, छाती फुगते. उताणं पोहणं सर्वांत सोयीचं, कारण मान उचलावी लागत नाही. मान ताठ असलेल्याला छातीवर पोहताना श्वास घ्यायला डोकं वर काढणं जमत नाही आणि तो कंबरेतून ओढ घेतो. पण घाटावरून किंवा पुलावरून सूर मारायचा नाही, हे मी हात जोडून सांगेन. जोडला गेलेला कणा बाहेरून दणकट वाटतो, आतून तो ठिसूळ झालेला असतो. लवचीक कणा धक्का वाटून घेतो, हा एका जागी मोडतो. खड्ड्यात गाडी घसरून साधं पडणंही पुरतं. पडल्यानंतर मानेत किंवा पाठीत नवं, वेगळ्या जागेचं दुखणं सुरू झालं तर हाड मोडलं नसल्याची खात्री होईपर्यंत ते मोडलंय असंच धरून चालावं, साध्या एक्स-रेत दिसलं नाही तरी सीटी स्कॅनचा आग्रह धरावा. तसंच सलूनमध्ये दाढीनंतर डोक्याला मालिश करून मान कडकड मोडून घ्यायची सवय. ज्याची मान ताठ व्हायला लागलीय त्याने खुर्चीत बसतानाच सांगून ठेवावं, "मानेला हात लावू नका." हाडवैद्याकडे जाऊन पाठीवर पाय देऊन घेणं, तालमीत डोक्यावर भार घेऊन मान फिरवणं, हेही त्यातच आलं. पैलवान घरातल्या पोराला हे सांगताना वाईट वाटतं. तालीम सोडायला सांगू नये. जोर, हलक्या बैठका, दोरीवर लोंबकळणं त्याला चालेल. कुस्ती नको.

घरी एकट्याने केलेल्या व्यायामाचा उपयोग होतोच, पण चार जणांत, कुणी जाणकार बघत असताना केलेल्या व्यायामाने जास्त गुण येतो, असं अभ्यासांतही दिसलंय. त्याचं कारण समजायला फार विचार करावा लागत नाही. कपाळाखालचा टॉवेल, उचललेली हनुवटी, सैल पडलेला गुडघा, यातलं काहीही करणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. सांगलीतल्या आमराई बागेत रोज सकाळी किती माणसं फिरतात, हात हलवतात, हसतात. तिथेच संध्याकाळी सहाला ताठ पाठीच्या दहा माणसांचा एक गट चटया टाकून पालथा पडलेला मला बघायचा आहे. पहाटेचा नको, पहाटे हीच माणसं सर्वांत अवघडलेली असतात.

औषधांविषयी थोडंच. सूज उतरवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, जेवून घ्याव्यात. गोळीमुळे दुखणं कमी झालं की त्या मोकळ्या वेळात व्यायाम करून घ्यावा, झोपून तो वाया घालवू नये. नवी इंजेक्शनं अनेकांचं आयुष्य बदलतात, महागही आहेत, पण ती घेणाऱ्यालाही पालथं पडणं सुटत नाही. बिडी-सिगारेट सोडावी; आखडलेल्या छातीला धूर परवडत नाही, आणि धुराने आजारही जोर धरतो. एक डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर डोळे आलेत म्हणून दुकानातले थेंब घालू नयेत. तो याच आजाराचा भाग असू शकतो आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावा लागतो.

द्राक्षबागेतलं काम सोडायची गरज नसते, पण त्याची रीत बदलावी लागते. मांडवाखाली दिवसभर मान वर करून घड विरळायचे म्हटलं तर चांगल्या मानेचंही कठीण. ज्याची मान मागे जात नाही तो गुडघे वाकवून, कंबरेतून मागे झुकून वर बघतो आणि संध्याकाळपर्यंत मोडून जातो. त्याच्यासाठी ठेंगणं, रुंद बुडाचं स्टूल ठेवावं, घड डोळ्यांच्या रेषेत आला की मान सरळ राहते. अर्ध्या अर्ध्या तासाने काम बदलावं: थोडी विरळणी, थोडं क्रेट उचलणं, मग पाणी बघायला बांधावरून एक फेरी. सकाळी सातला त्याला बागेत बोलावण्यापेक्षा नऊला बोलावून संध्याकाळी उशिरापर्यंत थांबवलं तर मुकादमाचंही काम जास्त होतं. हे त्या घरातल्या कुणीतरी मुकादमाला एकदा स्पष्ट सांगायला हवं, आजाराचं नाव घेऊन. कुणाच्या तरी उपकाराने सूट मिळाली असं त्या पोराला वाटू नये.

आणि काही दिवस वाईट येणारच. कारण कळत नाही, पण पहाटे पाठ अशी काही धरते की महिनाभराची कमाई गेली असं वाटतं, मापंही मागे जातात. अशा वेळी बहुतेक जण सगळंच बंद करतात, आठवडाभर अंथरुण धरतात आणि पुन्हा सुरू करायला महिना घेतात. बंद करू नये. गरम पाणी, बरगड्यांवर हात ठेवून पाच श्वास, पाच-पाच मिनिटं तीनदा पालथं पडणं आणि घरातल्या घरात दर तासाला एक फेरी, एवढ्यावर दोन-तीन दिवस काढावेत. ओणवं होऊन पाठ फुगवण्याचा व्यायाम तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत घ्यावा, उचलण्याचे आणि ताणण्याचे त्यानंतर, निम्म्या संख्येने. दहा दिवस झाले तरी उतार नसेल तर डॉक्टरांना कळवावं, औषध बदलायची वेळ आलेली असू शकते. भिंतीचं माप मात्र त्या दहा दिवसांत घेऊ नये.